थर्माकोलच्या दरीतलं गाव

मंदीत दुबईतल्या क्रेन थांबल्या आणि माझा सिव्हिल इंजिनीअर नवरा घरी बसला. घरी बसला म्हणजे माझ्या स्वयंपाकघरात लक्ष घालू लागला. त्यानं डाळींचे डबे उंचीप्रमाणे लावले, तेव्हा मी देवाला हात जोडले. देवानं लेकीच्या शाळेतून प्रोजेक्ट धाडला: अमेरिकेतल्या खोल दरीत राहणाऱ्या हवासुपाई लोकांचं जुन्या काळचं गाव करून आणा.

नवऱ्याला साइट मिळाली! रास अल खोरच्या एका गोदामातून त्यानं थर्माकोल उचलून आणला. तांबडी वाळू गाडी थांबवून वाळवंटातूनच भरली. जेवणाच्या टेबलावर दरी उभी राहिली आणि आम्ही जमिनीवर बसून जेवू लागलो. ओढ्याचं पाणी निळंशार हवं म्हणून माझी दिवाळीची रांगोळी गेली. मक्याच्या शेतांना पाट निघाले, खडकांवर वाळत घातलेले पीच म्हणून मसूरडाळ पसरली. टोपली विणणारी बाई मी केली, आगपेटीच्या काडीची. तिच्यासाठी मिऱ्याचे तीन दाणे मांडून चूलही केली.

"टोपली स्केलमध्ये नाहीये," नवरा म्हणाला.

"मग तूच वीण."

तेवढ्यात त्यानं गावाच्या कडेला आखलेले चौकोन बघून लेक किंचाळली, "बाबा! दे डिडन्ट हॅव पार्किंग!"

"मग घोडे कुठे बांधायचे?"

हसून हसून पुरेवाट झाली.  पण नवऱ्याला पुण्यात काम मिळालं होतं, माझी इथली नोकरी शाबूत होती. त्यानं एकट्यानं जायचं, आम्ही दोघींनी राहायचं, असं ठरलं होतं. लेकीला सांगायचं काम तेवढं आम्ही एकमेकांवर ढकलत होतो.

शेवटी त्यानं गावाचाच आधार घेतला. हे लोक उन्हाळाभर दरीत शेती करत आणि थंडीत वर पठारावर शिकारीला जात. उरलेल्या थर्माकोलचं पठार त्यानं दरीच्या कडेला चिकटवलं, त्यावर काडीचा एक माणूस उभा केला आणि घसा खाकरला.

"हे बघ, थंडी आली की बाबा वर जातो. काम करतो. पेरणीला परत येतो, इन्शाल्ला."

लेकीनं मान हलवली. "नो, बाबा. एव्हरीबडी गोज. द होल फॅमिली. टीचर टोल्ड अस."

आणि तिनं काडीची बाई उचलून त्या माणसाशेजारी ठेवली. मग एक अर्धी काडी मोडून मधे रोवली. ती कोण, हे सांगायची गरज नव्हती.

माझ्याकडे कारणं तयार होती: शाळा, पगार, घराचा करार.  नवरा खिडकीबाहेर बघत बसला होता. मला रडू आलं, आणि त्याचा रागही आला.

खाली ओढ्याकाठी चूल तेवढी राहिली होती. तिचे तिन्ही दाणे मी चिमटीनं उचलले आणि वर, त्या तिघांच्या पुढ्यात मांडले.