टोपीमास्तर आणि ताण्याची सकाळ

माझ्या थोरल्या बहिणीवर, राजाक्कावर, अन्याय झाला तो गेल्या चैत्रात, मुलींच्या शाळेच्या प्रवेशपरीक्षेच्या सकाळी. त्याच वेळी फाटकाशी तिची वाट पाहत उभ्या असलेल्या टोपीमास्तरांवरही झाला. अक्कासाठी गल्ली निदान हळहळली. मास्तरांचं नाव कोणी काढत नाही, म्हणून हे लिहितो.

रागावले की मास्तर डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवत. मुलांवर हात त्यांनी कधी उगारला नाही. आमच्या घरी ती टोपी डोक्यावर फार वेळ टिकत नसे. आम्ही सोलापुरातली विणकराची पोरं. धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरायला घरीच लागायचो, म्हणून शाळा नाही. मास्तर दुपारी येऊन मागाशेजारी बसत आणि धोट्याच्या खटखटाटात व्याकरण ओरडून सांगत. घरातलं बोलणं तेलुगू. मी मराठीत म्हणायचो, "माझा आई आला." मास्तरांचा हात टोपीकडे जाई. "अरे, आईला तरी सोड."

राग फारच चढला की त्यांचं स्वतःचं व्याकरण त्यांच्या गावी, करकंबला, परत जाई. "आमाला न्हाय जमायचं हे. लई झालं." अक्का कांडीवरची नजर न उचलता म्हणे, "मास्तर, 'आम्हांला जमणार नाही'." लगेच टोपी डोक्यावर. "ही शाळेत जाणार," ते आम्हां बाकीच्यांना सांगत, "तुम्ही बसा माझ्या डोक्यावर."

नायना, म्हणजे आमचे वडील, मागावरून टोमणा मारत, "मास्तर, तुमच्या विभक्तीतून वीतभर कापड निघतं का?"

"निघत नाही. पण व्यापारी कापडात खोट काढतो, तेव्हा तुम्ही मान खाली घालता. ही घालणार नाही."

नायनांनी धोटा पुन्हा फेकला. पण परीक्षेला सोडतो म्हणाले. शाळेत खेटे घालून मास्तरांनी अक्काचं नाव लावलं. वयात बसायचं तिचं ते शेवटचं वर्ष.

आणि नेमक्या त्याच सकाळी नायनांनी गल्लीत ताणा लावला, म्हणजे कापडाचं उभं सूत गल्लीभर ताणून बांधलं. ताणलेल्या सुताला खळ लावली की ती वाळायच्या आत कुंचा फिरवावा लागतो. घरातला प्रत्येक हात लागतो, मधेच सोडून जाता येत नाही. अक्का वेणी घालून तयार उभी होती. नायना एवढंच म्हणाले, "ऊन चढायच्या आत होईल." होत नसतं, हे त्यांना ठाऊक होतं. पोटाचं कारण मला सांगू नका. ताणा दुसऱ्या दिवशीही लागला असता.

फाटक बंद झाल्यावर मास्तर घरी आले. अक्काच्या कोपरापर्यंत खळ वाळली होती. "आली न्हाईस की," ते म्हणाले. अक्कानं चूक काढली नाही. मास्तरांनी टोपी काढली, पण ते बसले नाहीत. ती तशीच हातात घेऊन निघून गेले.

पुन्हा आले नाहीत. आता नातेपुत्याला भावाच्या दुकानात असतात. मी भेटायला गेलो, तर चहा पाजून म्हणाले, "शिकवणं सोडलं." अक्काचं विचारलं नाही. शाळेनं वय जास्त झालं म्हणून कळवलंय. अक्का कांड्या भरते.

परीक्षा पुन्हा चैत्रात आहे. माग चालवणाऱ्या बापांनो, त्या सकाळी ताणा लावू नका. लावलाच, तर मुलीच्या हातातला कुंचा काढून घ्या आणि तिला शाळेच्या फाटकापर्यंत स्वतः पोचवून या.