अण्णा घरात येईनात

विमान, मग दोन रेल्वेगाड्या आणि शेवटी माझी मोटार, असं करत आई आणि अण्णा एकदाचे आमच्या गावी पोचले. आमचं गाव म्हणजे इंग्लंडमधलं, मी डॉक्टर म्हणून नोकरी करते ते. समोर तळं, मागे डोंगर, डोंगरावर मेंढ्या आणि एकाच रस्त्याच्या दोन्ही अंगांना घरं. "निलंग्याच्या बसस्टँडवर याच्यापेक्षा जास्त माणसं असतात की," असं म्हणून आई तडक स्वयंपाकघरात शिरली. अण्णा मात्र दारातच थांबले. त्यांनी भिंतीवरून हात फिरवला, मग मान वर करून छप्पर बघितलं.

"ह्यो दगूड हाय?"

"हाव."

"आन् वर?"

"वर पण दगडच. पातळ फरशा असतात."

"मग म्या हितंच बरा हाय," म्हणाले आणि अंगणात बॅगेवर बसले.

हे मला आधीच सुचायला हवं होतं. आमचं गावाकडचं घर दगडमातीचंच होतं. भूकंपात ते बसलं. आम्ही तिघं वाचलो, अण्णांची धाकटी बहीण वाचली नाही. तेव्हापासून अण्णांनी डोक्यावर जड काही येऊ दिलं नाही. मला लातूरला क्लासला घातलं, तेव्हा बाकीच्या मुलींचे वडील स्लॅबच्या खोल्या बघत होते. अण्णांनी मुद्दाम पत्र्याची हुडकली. त्या उन्हाळ्यात मी केमिस्ट्री पाठ करत होते की स्वतः उकडून निघत होते, सांगणं कठीण आहे.

शेजारच्या आजीबाई कुंपणावरून डोकावल्या. "तुमच्या वडिलांची किल्ली हरवली का?"

"नाही, त्यांना बाहेर आवडतं," मी म्हटलं.

त्यांना हे फारच पटलं. घरात जाऊन त्यांनी आपला जुना तंबू आणून दिला. चार दिवस अण्णा तंबूत राहिले. डोंगर चढायला निघालेले लोक त्यांना आपल्यातलेच समजून हात करायचे, अण्णाही उलट रामराम घालायचे. आई खिडकीतून ताट द्यायची आणि म्हणायची, "जावई आल्यावानी बसलेत बघ!"

मग पाऊस लागला. तिकडचा पाऊस कोसळत नाही, नुसता मुक्कामाला येतो. तंबू आतून गळायला लागला, तरी अण्णा हलेनात. शेवटी आजीबाई छत्री घेऊन आल्या.

"त्यांना सांग, माझं घर माझ्या पणजोबांच्याही आधीपासून उभं आहे."

मी सांगितलं. अण्णा सावकाश म्हणाले, "आमचंबी हुतंच की."

ते मी जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. आजीबाई अण्णांच्या डोक्यावर छत्री धरून त्यांना आपल्या परसात घेऊन गेल्या. तिथं बागेची अवजारं ठेवायची खोली होती, भिंती फळ्यांच्या आणि वर पत्रा. अण्णांनी बोटानं पत्रा वाजवून बघितला. चेहरा असा खुलला, की मला लातूरची ती खोली आठवून घाम फुटला.

"लई झ्याक हाय. सांग त्यास्नी."

आजीबाईंनी फावडी बाहेर काढली आणि खाट आत लावली. उरलेला महिना अण्णा तिथंच राहिले. बदल्यात त्यांनी आजीबाईंचा वाफा खुरपून दिला आणि आईच्या डब्यातले मेथीदाणे पेरले. पालेभाजी कडू लागते म्हणून आजीबाईंनी ती कुत्र्याला दिली. त्यानंही खाल्ली नाही.

निघायच्या आदल्या दिवशी आजीबाईंनी सगळ्यांना चहाला बोलावलं, आपल्या दगडाच्या घरात. माणसानं एवढं केल्यावर नाही कसं म्हणणार? अण्णांनी दाराजवळची खुर्ची धरली. एक पाय आत, एक पाय उंबऱ्याबाहेर, कुत्रा मधे. तसे बसून त्यांनी दोन कप चहा आणि केकचे तीन तुकडे संपवले. आजीबाईंनी दार शेवटपर्यंत सताड उघडं ठेवलं. आम्ही बाकीचे थंडीनं कुडकुडत होतो.

गावाकडे परतल्यावर अण्णांना लोकांनी विचारलं, कसं आहे हो पोरीचं गाव?

"माणसं लई चांगली," अण्णा म्हणाले. "फकस्त सगळी दगडाच्या घरात झोपत्यात. त्यास्नी कुणी सांगितलंच न्हाई."