कढीतली बांगडी आणि कमरेची दोरी

आमच्या घरी लग्न निघालं की आदल्या दिवशी बांगडीवाली येते. नवरीला हिरवा चुडा भरून झाला की घरातल्या सगळ्या बायापोरींनी ओळीने तिच्यापुढे बसायचं आणि हात पुढे करायचा. माप कोणी सांगत नाही. ती हात दाबून बघते आणि टोपलीतून बरोब्बर जोड काढते. रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातली ही छत्तीसगढी बाई आमच्याकडे इतकी वर्षं येते की माझे हात तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

धाकट्या दिरांच्या थोरल्या मुलीचं लग्न होतं. माझी नात, मुलाची मुलगी, ओळीत बसलीच नाही. छत्तीसगढ राज्य नवं झालं तेव्हा ही दुपट्यात होती, म्हणजे राजधानीएवढंच तिचं वय. तर ही दाराशी उभी, ऐन वैशाखात पूर्ण बाह्यांचा कुर्ता, हात मागे. तिथूनच म्हणाली, "मेरे को अढ़ाई का देना, दीदी."

अडीच म्हणजे माझं माप! माझा हात भाकरी थापून रुंदावलेला.

बांगडीवाली म्हणाली, "काबर नोनी? तोर हाथ त नानकुन हे." का गं पोरी, एवढासा तर हात तुझा.

"नहीं, मेरा हाथ मोटा है." हट्टाने अडीचच्याच घेतल्या आणि एकटीनेच घातल्या.

दुसऱ्या दिवशी पंगतीत ती कढी वाढत होती. वाकली, आणि बांगडी मनगटावरून सुळकन निसटून कढीच्या बादलीत! काचेची बांगडी, कोण खाणार ती कढी? आचाऱ्याने आरडाओरडा करून अख्खी बादली ओतून दिली. पंगत हसली, मीही पोट धरून हसले. पोट्टी मात्र हसली नाही. आपल्याच हाताकडे अशी बघत होती, जसा काही तो कोणा दुसऱ्याचा हात आहे.

तिचं जेवण कमी झालं होतं हे घरात सगळ्यांनाच दिसत होतं. मी म्हणायची, परीक्षेचं टेन्शन असेल. सून म्हणायची, आजकालच्या पोरींची फॅशन. तिच्या ताटातली पोळी दारच्या गाईला जाते हे मी पाहिलं होतं, आणि वरून कौतुक केलं होतं की पोरीला किती दया! मग एक दिवस शाळेत प्रार्थनेला उभी असताना ती कोसळली.

मुलाची कचेरी नव्या रायपुरात, त्याने तिकडच्याच एका दवाखान्याचा पत्ता काढला. तिथल्या डॉक्टर मॅडम अगदी तरुण होत्या, आवाज मऊ. मी सोबत गेले, कारण पोट्टी म्हणाली, "आजी आएगी तो ही जाऊँगी."

मला वाटलं होतं वजनकाटा, सुई, रक्त. मॅडमनी तर दोरीचं रीळ काढलं! म्हणाल्या, "तुम्हारी कमर के चारों तरफ जितनी लगेगी, अंदाज से उतनी काटो." नातीने दोरी ओढली, ओढतच राहिली. कापली आणि फरशीवर गोल मांडली. त्या गोलात ती आणि तिची आई दोघी उभ्या राहिल्या असत्या. मग मॅडमनी तीच दोरी तिच्या कमरेला लावली, तर केवढी तरी लोंबत राहिली. उरलेला तुकडा त्यांनी टेपने मोजला.

मला राहवेना. म्हटलं, "मले पण द्या हो." मी झोकात कापली, कमरेला लावली, तर दोन टोकं भेटायलाच तयार नाहीत! मॅडम हसल्या, नातसुद्धा हसली. कितीतरी दिवसांनी हसली. "आजी, आप तो अपने को हिरोइन समझती हो!"

मॅडम म्हणाल्या, अंदाज सगळ्यांचाच थोडा चुकतो, त्याला आजार म्हणत नाहीत. हिचा फार चुकतो, आणि त्या चुकीवर ही आपलं जेवण ठरवते. मग त्यांनी एक कागद ठेवला. काटकुळ्या बाईपासून लठ्ठ बाईपर्यंतची चित्रं. यातली तू कोणती? तिने जाड बाईवर बोट ठेवलं. आणि तुला कोणती व्हायचंय? तिने एका बारीक चित्रावर बोट नेलं. त्या चित्राहूनही ती बारीक होती हो.

मला वाटलं, आता पुरावा मिळाला, मिटलं सगळं. गुढियारीला घरी आल्यावर मी तिला म्हटलं, "दाखवलं नं दोरीनं? काहून उपाशी राहून राहिली मग?"

ती शांतपणे म्हणाली, "दोरी सही है, आजी. पर मुझे तो वही दिखता है ना."

खोटं तर ती बोलत नव्हती.

मॅडमनी घराला एक नियम घातला. तिच्याच काय, कोणाच्याच अंगकाठीबद्दल बोलायचं नाही. वाळली नाही, भरली नाही, गुबगुबीत नाही, काही नाही. आता बघा, आमच्या वऱ्हाडी लोकांकडे पाहुणा दारात चप्पल काढेपर्यंत त्याच्या तब्येतीची चौकशी पूर्ण झालेली असते. आमची तर वाचाच बसली! नागपूरहून नणंद आली, तोंड उघडलं, आणि मी आतून ओरडले, "वन्सं, ऊन किती आहे नाही?" बिचारी बावचळली.

दर खेपेला मॅडम दोरी काढायच्या. उरणारा तुकडा हळूहळू आखूड झाला. मध्ये एकदा पुन्हा लांबला, तेव्हा सून दवाखान्याच्या जिन्यात बसून रडली. पण पोट्टी वरणभात खायला लागली होती. चिडून, रडून, कधी ताट सरकवून, पण खात होती.

मग धाकट्या पुतणीचं लग्न निघालं. बांगडीवाली टोपली घेऊन आली आणि माझ्या लक्षात आलं की हिला नियम सांगायचाच राहिला! तोवर नात ओळीत येऊन बसली होती. माप सांगितलं नाही, नुसता हात पुढे केला. बाईने जेमतेम दाबला आणि जुन्या सवयीने सव्वादोनची काढली. ती बोटांच्या पेरांवर अडली. बाई खुशीत म्हणाली, "हाथ ह भरा गे हे नोनी!"

भरला म्हणे हात! सून माझ्याकडे बघते, मी जमिनीकडे. आता ही उठणार, खोलीत जाणार, दार लावणार आणि उद्या पुन्हा ताट सरकवणार.

पोट्टी त्या अडलेल्या बांगडीकडे बघत राहिली. डोळे भरून आले होते तिचे, मी पाहिलं. मग म्हणाली, "तो एक नाप बड़ा दो ना, दीदी."

दुसऱ्या दिवशी पंगतीत कढी तिनेच वाढली. माझ्या पानाशी आली तेव्हा हात मुद्दाम बादलीवर हलवला. बांगड्या वाजल्या, एकही निसटली नाही. "देखो आजी, इस बार नहीं गिरी."

मी म्हटलं, "हव, पाह्यलं. आता बादली दे त्या पोराजवळ अन् बस माझ्या बाजूले."

ती बसली. मी तिच्या पानाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून समोरच्या व्याह्यांकडे बघत जेवले. पण कानाला कोण आवरणार? शेजारी बांगड्या वाजत होत्या, थांबत होत्या, पुन्हा वाजत होत्या.