फुग्याची शेपटी

अक्षरमावशींना विमानाची भीती वाटायची, लिफ्टमध्ये जीव घुसमटायचा आणि गॅस पेटवतानासुद्धा त्या एक पाऊल मागे सरून, मान वळवून काडी लावायच्या. अशा बाईंनी आयुष्यातली एकवीस वर्षं आगीत झेपा घेणाऱ्या, ढगांत राहणाऱ्या पोलादपंखाच्या तोंडी शब्द घातले. शब्द लेखकाचे. घालायचं काम मावशींचं.

कॉमिकच्या पानावर पात्रांच्या डोक्यांशेजारी जे पांढरे फुगे तरंगतात ते कुणीतरी काढावे लागतात. लेखकाची वही समोर ठेवायची, पातळ कागदावर अक्षरं काढायची, भोवती फुगा, मग कात्रीने कापून तो चित्रकाराच्या पानावर डकवायचा आणि गोंद वाळला की सगळ्यात शेवटी फुग्याला शेपटी काढायची. शेपटी ज्याच्या तोंडाकडे, तो बोलला. एवढा साधा कायदा. पुढे कॉम्प्युटरने हे काम चुटकीसरशी करायला सुरुवात केली आणि मावशी घरी बसल्या. पण रविवारी सकाळी अकराला त्यांचा मान अजून शाबूत होता.

हा मान जुन्या पुस्तकांच्या एका दुकानात मिळायचा. दुकानाच्या मागच्या खोलीत पोलादपंखी मंडळ भरायचं. मंडळ म्हणजे मोजून चार टाळकी. दुकानदार, जो गिऱ्हाइकाला कधी उठून पुस्तक दाखवत नसे. बसची कंडक्टरीण, जी चर्चेतही पुढे सरका, पुढे सरका करायची. दंतवैद्य, जो रोग्याच्या तोंडात दोन हात घालून पोलादपंखाची थोरवी सांगायचा, कारण तेव्हा समोरच्याला विरोध करता येत नाही. आणि चौथ्या मावशी. खोलीत पाठ असलेली खुर्ची एकच; ती त्यांची. बाकीचे गठ्ठ्यांवर.

पोलादपंखावर सिनेमा निघणार हे कळल्यापासून मंडळाला चहा थंड व्हायचंही भान राहिलं नव्हतं.

"सिनेमावाले सगळ्यांना काळे कपडे का घालतात हो?" कंडक्टरीण म्हणायची. "त्याची निळी चड्डी कुठे गेली?"

"वास्तववाद, बाई, वास्तववाद," दंतवैद्य.

"पाठीला पत्र्याचे पंख लावून उडतो, त्याला कसला आलाय वास्तववाद! चड्डीनेच काय घोडं मारलंय?"

दुकानदार या वादात पडत नसे. त्याचं सगळं लक्ष सत्तेचाळिसाव्या अंकावर. सिनेमा जाहीर होईपर्यंत त्याच्याकडचा हा अंक टेबलाच्या लंगड्या पायाखाली होता. जाहीर झाला त्या दुपारी तो काचेच्या कपाटात गेला, आणि टेबल तेव्हापासून डुगडुगतंय. "कॉमिकचा धंदा असा असतो," तो म्हणायचा. "छापतात तेव्हा वाचायला घेतात, बंद पडलं की जपायला घेतात."

हा सत्तेचाळिसावा अंक म्हणजे मंडळाचा जीव की प्राण. चाळीस मजली इमारत पेटली आहे. पोलादपंखाचे पंख वितळले आहेत. तो जिन्यात डोकं धरून बसला आहे, आता आपल्याच्याने काही व्हायचं नाही म्हणून. धुरात शेजारी इमारतीचा लिफ्टमन उभा, टोपी आणि मिशी एवढंच दिसतं. आणि त्या चौकटीत पोलादपंखाच्या फुग्यात ते प्रसिद्ध वाक्य आहे: "लिफ्ट बंद आहे, जिने नाहीत. चला."

जिने काही बंद नाहीत, एवढाच अर्थ. बस्स. पुढच्या पानावर नायक वरच्या मजल्याकडे पळत सुटतो. अंकाचा खप तेव्हा इतका घसरला होता की मालक कुलूप शोधत होते. या वाक्यानंतर वाचकांची पत्रं पोत्याने आली. वाक्य वह्यांवर आलं, बनियनवर आलं, आणि पोलादपंख आणखी एकवीस वर्षं उडत राहिला.

"काय नम्रता पाहा!" दंतवैद्य दर वेळी इथे हात जोडायचा. "आयुष्यभर उडणारा माणूस, आणि जिन्याची भाषा बोलतो!" त्याचा दवाखाना चौथ्या मजल्यावर होता. इमारतीची लिफ्ट आठवड्यातून चार दिवस आजारी. त्याने खाली जिन्यापाशी भिंतीवर पोलादपंखाचं चित्र आणि फुग्यात हे वाक्य रंगवून घेतलं होतं. दाढ ठणकणारे लोक ते वाचत, नायकाला मनातल्या मनात काय ते म्हणत आणि वर चढत.

आणि मग सिनेमाची झलक आली. सव्वादोन मिनिटांची. तिच्यात ते वाक्य होतं, पण पोलादपंखाच्या तोंडी नव्हतं. धापा टाकत आलेला तो मिशीवाला लिफ्टमनच म्हणत होता, "लिफ्ट बंद आहे, जिने नाहीत. चला." नायक नुसता त्याच्याकडे बघत होता.

मंडळात हलकल्लोळ झाला. "नायकाचं वाक्य लिफ्टमनला? उद्या पंखही त्यालाच लावतील!" दंतवैद्याने घरी जाऊन इंटरनेटवर लांबलचक मजकूर लिहून टाकला. सिनेमावाल्यांनी लेखकाच्या मूळ वह्या वापरल्याची बातमी होती, म्हणजे हे लेखकाच्या संमतीने झालं, म्हणजे लेखक विकला गेला, असा एकूण हिशेब. ऐंशी वर्षांचा तो लेखक. दोन दिवसांत शेकडो लोकांनी त्याला शेलक्या शब्दांत झोडपलं. ठरलं की पहिल्या खेळाला थिएटरबाहेर निषेध करायचा. मोठ्ठा पुठ्ठ्याचा फुगा करायचा, आत लिहायचं: "ज्याचे शब्द त्यालाच द्या!" अक्षरं अर्थातच मावशींची.

मावशी "बरं" म्हणाल्या आणि घरी आल्या.

त्या लेखकाच्या वहीत समासात कधीमधी पेन्सिलीने लिहिलेलं असायचं, "मागच्या अंकातली अक्षरं सुरेख." एकवीस वर्षांत त्या कामाचं कौतुक करणारा तो एकटाच. आता त्याला लोक चोर म्हणत होते, आणि चोरी कुणी केली हे जगात फक्त मावशींना ठाऊक होतं.

त्यांनी जेवणाच्या टेबलावर पुठ्ठा कापला, अक्षरं काढली, आणि ब्रश हातात धरून बसून राहिल्या. नवरा निवृत्त घड्याळजी, कमी बोलणारा.

"झाला का बोर्ड?"

"शेपटी राहिलीय."

"काढ मग."

"कुणाकडे काढू?"

घड्याळजीने चष्मा कपाळावर चढवला. "तू तीस वर्षं झोपेत शेपटी, शेपटी करतेस. मी आपलं समजायचो, घरात पाल आहे."

मावशी हसल्या, आणि हसता हसता त्यांना रडू आलं. मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी ते सांगितलं. घड्याळजीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "खुर्ची जाईल तुझी."

"तीच तर एक आहे," मावशी म्हणाल्या.

रविवारी त्या गेल्या आणि खुर्चीत बसल्याच नाहीत. उभ्या राहूनच त्यांनी दुकानदाराला सत्तेचाळिसावा अंक काढायला लावला.

"हे वाक्य लिफ्टमनचंच आहे," त्या म्हणाल्या. "वहीत तसंच होतं. चूक माझी. मला कामाला लागून महिना झाला होता. आमच्यात रीत होती, वहीत जो आधी बोलतो त्याला चित्रकार डावीकडे काढतो. वहीत आधी लिफ्टमन होता. पण चित्रकाराला ज्वाळा उजवीकडे हव्या होत्या, म्हणून त्याने माणसांच्या जागा बदलल्या. मी चेहरे बघितलेच नाहीत. गोंद वाळला आणि सवयीने शेपटी डावीकडे ओढली. डावीकडे हे महाराज बसले होते."

टेबल डुगडुगलं.

"मावशी, तुम्ही लेखकाला वाचवायला हे सांगताय," दंतवैद्य म्हणाला.

"छापून आल्यावर मला कळलं. नोकरी जाईल म्हणून गप्प बसले. मग पत्रांची पोती आली. मग तर बोलायची सोयच राहिली नाही."

कंडक्टरीण अंकावर वाकली होती. तिने ती चौकट ओठ हलवत दोनदा वाचली. "अहो, खरंच की! उडणाऱ्याला लिफ्ट बंद असल्याचं काय पडलंय? ते लिफ्टमनलाच माहीत असणार ना! आणि 'चला' कुणाला म्हणतोय हा? डोकं धरून बसलाय स्वतःच!"

दुकानदार खो खो हसायला लागला. दंतवैद्याला मात्र हसू आलं नाही. "तीस वर्षं," तो म्हणाला. "मी रोग्यांना सांगतोय." आणि उठून चालता झाला.

मावशींनी तिथूनच, सगळ्यांसमोर, लेखकाला फोन लावला. नाव सांगितलं, चूक सांगितली, माफी मागितली. पलीकडून बराच वेळ खोकला ऐकू आला. खोकला नव्हता, हसणं होतं.

"अहो बाई, मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. चार दिवसांनी मालकांकडे गेलो तर तिथे पोती येऊन पडलेली. म्हटलं, तुमच्या चुकीवर सगळ्यांची चूल पेटतेय, आपण कशाला पाणी ओता! पण त्या लिफ्टमनचं वाईट वाटायचं हो. एवढे मजले चढून आला बिचारा, आणि त्याचंच वाक्य दुसऱ्याने पळवलं. म्हटलं, सिनेमात तरी त्याला देऊ."

"तुम्हाला लोक काय काय बोलतात…"

"बोलू देत. तुमची अक्षरं अजून तशीच आहेत का?"

त्या संध्याकाळी मावशींनी सगळी हकिगत स्वतःच्या हाताने लिहिली. कंडक्टरणीने त्या कागदाचा फोटो काढून दंतवैद्याच्या मजकुराच्या बरोब्बर खाली चिकटवला. लेखकाला शिव्या देणारे आता मावशींकडे वळले. काही मात्र सत्तेचाळिसाव्या अंकातल्या त्या पानावर त्यांची सही मागू लागले. दुकानदाराने कपाटातल्या अंकावर नवी चिठ्ठी लावली: "प्रसिद्ध चुकीसह." धंदा म्हटला की असं.

पहिल्या खेळाला मंडळ गेलं. पुठ्ठ्याचा फुगाही नेला. त्यावरचं एक अक्षरही बदलावं लागलं नव्हतं. मावशींनी फक्त शेपटी काढली होती, आणि थिएटरबाहेरच्या पोस्टरवर कोपऱ्यात जो इवलासा लिफ्टमन होता त्याच्याकडे ती वळवून फुगा टेकवून ठेवला. आत, अंधारात, टोपी सावरत तो धापा टाकत आला आणि ते वाक्य म्हणाला. मग मागच्या रांगेतून एकट्या माणसाची टाळी ऐकू आली. कंडक्टरणीने वळून पाहिलं. दंतवैद्य होता. रडत होता, पण चड्डी काळी असल्याचं निमित्त त्याने नंतर पुढे केलं.

बाहेर आल्यावर तो मावशींना म्हणाला, "भिंतीचं काय करू? चित्र पुसून लिफ्टमन काढून द्याल का?"

"चित्र मला येत नाही. चित्र राहू द्या. शेपटी बघते."

सोमवारी मावशी ब्रश घेऊन दवाखान्याच्या इमारतीत गेल्या. लिफ्ट बंदच होती. त्यांनी पोलादपंखाकडे जाणारी शेपटी पांढऱ्या रंगाने बुजवली आणि नवी काढली, भिंतीच्या पार खालच्या कोपऱ्यापर्यंत. तिथे इमारतीचा वॉचमन स्टुलावर बसायचा. शेपटीचं टोक नेमकं त्याच्या कानाशी आलं.

वॉचमनने मान वळवून शेपटी बघितली, तिच्या मागे मागे नजर नेत वरचं वाक्य वाचलं, आणि म्हणाला, "यात काय लिहिण्यासारखं आहे? मी तर हे रोज सांगतो."