मामंजींचा अंगठा

माझे सासरे कारभारी बैल बघायचे. विकायचे नाहीत, दलाली करायचे नाहीत, नुसते बघायचे. कर्जत तालुक्यातल्या आमच्या गावात कुणाला बैल घ्यायचा झाला, की तो आधी आमच्या ओट्यावर येऊन बसे आणि शनिवारी मामंजींना काष्टीच्या बाजाराला घेऊन जाई. बदल्यात चहा आणि पान. एवढ्यासाठी घरातला कर्ता माणूस आख्खा दिवस घालवतो म्हणून मी मनातल्या मनात धुसफुसायची. तोंडावर बोलायची टाप नव्हती.

बैलापुढे ते आधी मुकाट उभे राहत. नाकपुडी ओली आहे का, केस अंगाला चिकटून चमकतात की उभे राहिलेत, रवंथ स्वस्थपणे चाललाय का, हे बघून झालं की पापणी उलटून आतला रंग बघत. शेवटी अंगावर अंगठा दाबून बघत. काही व्यापारी बाजाराच्या आधी बैलाला मीठ चारायचे. मग तो घटाघटा पाणी प्यायचा आणि बाजारात टुमटुमीत दिसायचा. अशा बैलाच्या बरगडीवरून हात फिरवून मामंजी म्हणत, "ह्यो भरल्याला हाय, पोसल्याला न्हाई." त्यांचं बघणं चुकल्याचं मी कधी ऐकलं नाही.

बहात्तरच्या दुष्काळात बघायला बैलच उरले नाहीत. आमचा एक गुरांच्या छावणीत गेला, दुसरा छावणीला जायच्या आधीच गेला. माझे मालक कामासाठी श्रीरामपूरकडे. मी, मामंजी आणि माझा दोन वर्षांचा मुलगा गहिनीनाथ पाझर तलावाच्या कामावर जायचो. मी माती वाहायची, मामंजी खडी फोडायचे, गहिनी बाभळीखाली झोळीत. दुपारी सुकडी वाटायचे, मूठभर गोडसर पीठ, तेच जेवण.

उन्हाळा लागला तशी सगळ्यांची पोरं वाळली. माझा गहिनी तेवढा गुबगुबीत. गाल फुगलेले, पाय गोल. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू? केस तांबूस झाले, ते उन्हानं असं मी धरून चालले. खायला मागत नसे, रडत नसे. गुणी आहे, असं मी म्हणायची. शेजारची कडूबाई एकदा म्हणाली, "बाई, तुझं पोरगं बाळसं धरतंय." त्या दिवशी घरी येऊन मी मीठमोहऱ्यांनी त्याची दृष्ट काढली आणि गालावरची काजळाची तीट आणखी मोठी केली.

मामंजी मात्र त्याच्याकडे बघायचे आणि मान फिरवायचे. मला वाटे, माया पातळ झाली. चार दिवस ते गप्प होते, कारण दुसऱ्याच्या काय, घरच्या लेकराच्या अंगाबद्दलही आमच्यात कुणी उघड बोलत नाही. पाचव्या दिवशी ते झोळीपाशी बसले. गहिनीच्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. तिथे वाटाण्याएवढा खड्डा पडला होता आणि तो भरेना.

"सुनबाई, पोरगं भरलंय, पोसलं न्हाई," ते सगळ्या बायकांसमोर म्हणाले.

मी टोपली भिरकावली. डोक्यावरचा पदर पडला तेही कळलं नाही. "माझं लेकरू बैल हाय व्हय? काष्टीला न्हेताय का त्येला? तुमचीच नजर लागंल!" सासऱ्याला असं बोललेली सून त्या कामावर कुणी पाहिली नसेल. कडूबाईनं तोंडाला पदर लावला.

मामंजी चिडले नाहीत. "मागनं लई बोल. दुस्काळात मेंढराच्या जबड्याखाली असंच पानी धरतं. धनगर त्येला बाळसं म्हनत न्हाई, खड्डा खांदाया घेतो." एवढं बोलून त्यांनी गहिनीला उचललं आणि खडीच्या ट्रकसमोर आडवे जाऊन उभे राहिले.

नगरच्या दवाखान्यात फिलोमिना नावाच्या नर्सबाई होत्या. त्यांनी गहिनीचे दोन केस चिमटीत धरून ओढले. ते अलगद हातात आले, पोरगं हूं की चूं करेना. "ही उपासाची सूज आहे. आणखी आठ दिवस गेले असते तर हाती लागला नसता. कुणी ओळखलं?" मी मामंजींकडे बोट केलं. "हे करतात काय?"

"बैल बघत्यात," मी म्हणाले. बाई हसल्या नाहीत.

मामंजी कामावर परतले. मी राहिले. गहिनीला चमच्याचमच्यानं दूध पाजायचं आणि रोज त्याची नडगी दाबून, पाच मोजून, खड्डा भरतो का ते बघायचं, हे बाईंनी मला शिकवलं. दोन दिवसांआड ट्रकचा ड्रायव्हर फडक्यात बांधलेली सुकडी आणून द्यायचा. मामंजींचा निरोप असायचा, "कामावर जास्तीची वाटत्यात, सुनंला म्हनावं पोटभर खा." मी खात होते.

विसाव्या दिवशी सूज उतरली. गहिनी काडीसारखा दिसायला लागला आणि भुकेनं भोकाड पसरून रडला. त्या रडण्यानं माझं काळीज निवलं. मामंजी न्यायला आले ते अनवाणी, वहाणा काखेत. "वादी तुटली," म्हणाले.

घरी पोचल्यावर गहिनीला खाली ठेवलं आणि मी त्यांचे दोन्ही पाय धरले. "मामंजी, माझं चुकलं." हाताला पाय मऊ आणि गार लागले. मी हात उचलले. माझ्या दोन अंगठ्यांचे दोन खड्डे तिथे तसेच होते. मी पाचपर्यंत मोजलं, मग दहापर्यंत. बाजूला पडलेल्या वहाणांच्या वाद्या धड होत्या.

"जास्तीची सुकडी कवा वाटली?" मी विचारलं.

त्यांनी धोतर पायांवर ओढून घेतलं. "माझं काय बघती? पोराचं बघत जा."

दुसऱ्या दिवशी मामंजींना घेऊन मी त्याच ट्रकला आडवी गेले. फिलोमिनाबाईंनी हात टेकेपर्यंत केलं. बाराव्या दिवशी मामंजी गेले.

गहिनी आता बाप्या माणूस झालाय. त्याला बघून लोक अजून म्हाताऱ्याच्या नजरेचं कौतुक करतात. मी मान हलवते आणि सुकडीचं कुणाला सांगत नाही. ती सगळी मी खाल्ली होती.