फाटकावरचा माणूस

आमचे सासरे दारूगोळ्याच्या कोठारावर सव्वीस वर्षं पहारेकरी होते. पास नसेल तर सख्ख्या भावालाही आत सोडायचं नाही, असा त्यांचा खाक्या. मी नवा जावई, त्यांचाच डबा घेऊन गेलो, तर मला तासभर उन्हात उभं केलं आणि डबा तेवढा तपासून आत घेतला!

एके सकाळी मात्र ते स्वतःचाच पास घरी विसरले. मोठे साहेब आले, तर हे फाटकाबाहेर ताठ उभे.

“अहो, आत का जात नाही?”

“पास नाही, साहेब.”

“पण अडवलंय कोणी?”

“मीच.”

“मग सोडा की स्वतःला!”

सासऱ्यांनी मान हलवली. “दोनदा विनवलं, साहेब. पण फाटकावरचा माणूस भारी खडूस आहे.”