पंखावरचं लाल टिंब

मॉडेल रंगवताना थिनरचा वास आला की मला कसबा बावड्याचा तो म्हातारा आठवतो आणि डोकं सटकतं. पस्तीस वर्षांपूर्वी प्रदर्शनात मी महायुद्धात ब्रह्मदेशावर जपान्यांशी लढलेल्या आपल्या विमानदलाच्या विमानाचं मॉडेल मांडलं होतं. पंखावर निळं-पांढरं वर्तुळ, मधोमध लाल टिंब. त्या युद्धात विमानदलात मेकॅनिक असलेला हा म्हातारा आला आणि नखानं ते लाल खरवडायला लागला.

“लाल न्हवतं. लाल दिसलं की जपान्यांचं समजून आपलीच माणसं आपलं इमान पाडायची. म्या सोता ब्रशानं बुजवलंय.”

“हात काढा. मी पुस्तकं वाचलीत.”

“मग पुस्तकंच उडीव की.”

सगळ्यांदेखत मी त्याला दंडाला धरून बाहेर घालवलं.

परवा त्याच विमानाच्या तुकडीचा युद्धातला फोटो मिळाला. पंखावर लाल नाही. माळ्यावरून मॉडेल खाली काढलं. नखाचा ओरखडा तसाच होता. अख्ख्या विमानावर खरं तेवढंच आहे.